ओलं कुठे दिसतं आणि हवा कुठून शिरते

नायट्रो ट्रकवाल्यांची, म्हणजे बॅटरीऐवजी इंधनावर पळणारे रिमोटचे छोटे मॉडेल ट्रक बाळगणाऱ्यांची, पत्रं या वेळी एकाच दुखण्याभोवती फिरताहेत : गळती. म्हणून बॅटरीवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबायला सांगून ही सगळी पानं तेलकट हातांना दिली आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : जुना टी-मॅक्स घेतला आहे, २.५ सीसी इंजिनाचा. थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही. तीन-चार सेकंद किंचाळत राहतं आणि मग एकदम बंद पडतं. पळताना मात्र जोरात पळतो. कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) इंधन कमी-जास्त करणाऱ्या दोन्ही सुया आत-बाहेर करून झाल्या. एक दिवस जमतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चॅसीच्या तळाला तेलाचा थर कायम असतो. सुरुवात कुठून करू? — वाचक, पुणे

आधी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. फटीतून हवा ओढणाऱ्या इंजिनाचं ट्यूनिंग होत नाही. इंजिन गार असताना भोक एवढं, तापल्यावर तेवढं, मग आज जुळलेली सुई उद्या चुकणारच.

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये (क्रँकच्या बंद घरात) पोकळी तयार होते आणि कार्बमधून हवा-इंधन आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. आता क्रँककेसला कुठे बारीकशी फट असेल तर ती दर फेऱ्याला एकदा इंधन थुंकते आणि एकदा बाहेरची हवा पिते. डोळ्यांना थुंकलेलं दिसतं म्हणून आपण तेल पुसत बसतो, पण नुकसान करते ती प्यायलेली हवा. त्या हवेत इंधन नसतं आणि तेलही नसतं, कारण या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळतं. लीन (हवा जास्त, इंधन कमी) चालणारं इंजिन तापतं आणि कोरडंही पडतं.

तुमच्या पत्रातली ‘पळताना जोरात पळतो’ ही ओळ महत्त्वाची आहे. आयडलला (थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद चालीला) कार्बचं तोंड अर्धा ते एक मिलिमीटर उघडं असतं, म्हणजे सुईच्या टोकाएवढी फटसुद्धा तिथे मोठा वाटा उचलते. पूर्ण थ्रॉटलला कार्ब आ वासून उघडा असतो, तिथे त्या फटीला कोण विचारतो? म्हणून आयडल बिघडलेलं आणि वरचा वेग ठीक असेल तर चोर इंजिनाच्या अंगात : कार्बची मान, बॅकप्लेट (क्रँककेसचं मागचं झाकण), पुढचं बेअरिंग. उलट आयडल ठीक आणि लांब सरळ रेषेत पळवताना दम सोडत असेल तर टाकी, दाबाची नळी, इंधनाची नळी, सायलेन्सरचा जोड. हा नियम शंभर टक्के नाही, पण कुठला पाना आधी उचलायचा ते सांगतो.

पहिली पाच मिनिटं लिंकेजला (थ्रॉटल आणि ब्रेकच्या काड्यांना) द्या. सर्व्होची (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरची) काडी कार्बपासून सोडवा आणि कार्बची स्लाइड (तोंड उघड-बंद करणारा सरकता भाग) बोटाने उघडून सोडा. ती अडखळत बंद होत असेल, किंवा ब्रेकची काडी तिला धरून ठेवत असेल, तर गळतीचा प्रश्नच नाही. अशा काडीपायी चांगली इंजिनं लोकांनी खोलून ठेवलेली आहेत.

लिंकेज मोकळं असेल तर आयडलचा स्क्रू इतका मागे घ्या की स्लाइड पूर्ण बंद व्हावी. गाडी स्टँडवर, चाकं अधांतरी. इंजिन चालू करून दोन मिनिटं तापू द्या आणि थ्रॉटल सोडा. कार्ब पूर्ण बंद झाला की इंजिन मेलंच पाहिजे. ते कुरकुरत चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे, यात शंका उरत नाही.

आता ती ‘दुसरीकडे’ शोधायची. इंजिन गार झाल्यावर डिनेचर्ड स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं धुवा. कार्बच्या खालची खोबण, बॅकप्लेटची कड, डोक्याखालच्या (सिलिंडर हेडखालच्या) थंडाव्याच्या पंख्या, फ्लायव्हीलच्या मागची बाजू, काही सोडू नका. स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावर साधी टाल्कम पावडर मऊ ब्रशने या सगळ्यावर भुरभुरवा. एअर फिल्टरचं तोंड झाकलेलं हवं, पावडर आत गेली तर भलतंच होईल. टाकी भरताना सांडलेला थेंबही पुसून घ्या. मग स्टँडवरच दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा. उगाच रेस करू नका, भार नसलेलं इंजिन भलत्या वेगाला जातं. बंद करून टॉर्च मारा. पांढऱ्यावर ओला माग स्पष्ट उठतो. फ्लायव्हीलचा वारा तेल मागे पसरवतो, म्हणून डाग सगळ्यात मोठा कुठे आहे ते बघू नका, माग सुरू कुठून होतो ते बघा.

हवा फक्त आत ओढणाऱ्या फटीचा माग मात्र उठतोच असं नाही. कार्बच्या मानेची गळती बहुधा अशी असते : बाहेरून कोरडी ठणठणीत. तिच्यासाठी आफ्टर-रन तेल (खेळ संपल्यावर इंजिनात सोडायचं तेल) इंजेक्शनच्या सुईने चालू इंजिनाच्या कार्बच्या मानेभोवती थेंब-थेंब सोडा. तेलाने फट क्षणभर बुजली की आयडलचा आवाज बदलतो, बहुतेक वेळा खाली येतो. या कामाला स्प्रेचे डबे वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. शेजारीच तापलेला हेडर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी नळी) असतो, आणि आपल्या इंधनातल्या मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. हात भाजल्यावर कळतं की पेटलं होतं. पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट जवळ हवंच.

एवढ्यावर भागलं नाही तर इंजिन उतरवून दाबाची चाचणी. सामान सगळं गावात मिळतं. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून दोन रबरी बुचं, एक भोकाचं आणि एक सपाट. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज. आणि वीतभर सिलिकॉन नळी.

हेडर जागेवरच ठेवा, म्हणजे त्याचं पॅकिंगही तपासलं जाईल. त्याच्या मोकळ्या तोंडात भोकाचं बूच घट्ट बसवा आणि भोकातून नळीने सिरिंज जोडा. कार्बचं हवेचं तोंड दुसऱ्या बुचाने बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. इंधन येतं त्या निपलला बोटभर नळी लावून ती दुमडून क्लिप मारा. ग्लो प्लग (डोक्यातला, तापल्या तारेने मिश्रण पेटवणारा प्लग) बसवलेला हवा. आता फ्लायव्हील फिरवून पिस्टन अगदी तळाला आणा. तिथे एक्झॉस्टचं आणि ट्रान्सफरची (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जायची) दारं उघडी असतात, त्यामुळे हवा सिलिंडरमधून खाली क्रँककेसपर्यंत जाते.

सिरिंजचा दट्ट्या हलक्या हाताने दाबून धरा आणि सोडा. परत वर उसळला तर अंग घट्ट आहे. दाबला तिथेच मेल्यासारखा बसला तर हवा निसटली. दाब धरून ठेवून भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने जोडांवर लावा आणि फुगे बघा. इंजिन आख्खं पाण्यात बुडवणारेही आहेत, पण फेसाने काम होत असताना बेअरिंगला पाणी कशाला पाजायचं?

पिस्टन तळाला असताना क्रँकची शोषणाची खिडकी बंद असते, हे बरेच जण विसरतात. तिथे कार्बपर्यंत हवा पोचतच नाही, आणि ‘कार्ब घट्ट आहे’ असा खोटा दाखला मिळतो. म्हणून पहिली फेरी झाल्यावर फ्लायव्हील इंजिन चालतं त्या दिशेने पन्नासेक अंश पुढे न्या. शोषणाची खिडकी उघडू लागते आणि ट्रान्सफरची दारं अजून पुरती मिटलेली नसतात. बारीकसा टप्पा आहे, दोन-तीन वेळा मागे-पुढे करावं लागेल. सिरिंजला आणखी जागा मिळाल्यासारखी वाटली की तिथे थांबा आणि कार्बची मान, दोन्ही सुयांची मुळं, इंधनाच्या निपलचा जोड फेसाने तपासा.

तुमच्या लक्षणांवरून पैज लावायची तर कार्बच्या मानेच्या ओ रिंगवर (सील करणाऱ्या रबरी कडीवर). जुन्या ट्रकमध्ये ती चपटी झालेली असते. नवी टाकताना कार्ब बोटाने खाली दाबून धरून आडवा बोल्ट आवळायचा. न दाबता आवळला तर नवी ओ रिंगही नुसती शोभेला राहते.

चाचणी झाल्यावर इंजिन आतून थोड्या इंधनाने खंगाळा, कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकात चार-पाच थेंब आफ्टर-रन तेल सोडून फ्लायव्हील दहा-बारा वेळा फिरवा. सुया पुस्तिकेत दिलेल्या कारखान्याच्या जागी आणून ट्यूनिंग पहिल्यापासून करा. आतापर्यंत त्या फटीला सांभाळून घेत होत्या. फट गेल्यावर त्याच जागी ठेवल्या तर इंजिन घुसमटेल.

प्रश्न : अर्धी टाकी संपली की माझा ट्रक बंद पडतो. पुन्हा भरली की सुरू. टाकीच्या जोडावर ओल दिसली म्हणून दोन पुड्यांची इपॉक्सी पुटी लावली. आठवड्यात सुटून आली. दुसरं काय लावू? — वाचक, नाशिक

काहीच लावू नका. या टाक्यांच्या गुळगुळीत प्लास्टिकला कुठलीच पुटी मनापासून चिकटत नाही, आणि मिथेनॉल उरलेलं काम करतं. टाकी जोडातच फुटली असेल तर नवी घ्यायची. पण आधी ती फुटलीच आहे का ते बघा, कारण अर्ध्या टाकीच्या तक्रारीत खरा गुन्हेगार पुष्कळदा झाकणाची ओ रिंग असते.

नायट्रो ट्रकला इंधनाचा पंप नसतो. सायलेन्सरमधला दाब नळीने टाकीत येतो आणि तोच इंधन कार्बकडे ढकलतो. टाकी भरलेली असताना वरच्या पातळीचा थोडा आधार मिळतो आणि दाब भरायला जागाही थोडीच असते. अर्धी रिकामी झाली की सगळा भार दाबावर येतो, आणि दाब झाकणातून फुस्स होत असेल तर इंजिनाला उपास घडतो.

टाकी उतरवा. खाली उरलेलं इंधन काढून साध्या पाण्याने आतून धुवा. एका निपलला नळी लावून दुमडून क्लिप मारा, दुसऱ्याला नळीने ५० मिलीची सिरिंज जोडा, आणि टाकी बादलीत पूर्ण बुडवा. दहा-बारा मिली हवा आत दाबा, जास्त नको. सव्वाशे मिलीच्या टाकीला एवढ्याने वातावरणाच्या दहाव्या हिश्शाएवढा दाब चढतो आणि तो चाचणीला भरपूर आहे. फार दाबलंत तर चांगल्या टाकीचं झाकणही स्प्रिंग उचलून हवा सोडतं आणि तुम्ही उगाच नवी टाकी आणाल. बुडबुड्यांची साखळी कुठून येते ते बघा : झाकणाची कड, बिजागरीची बाजू, निपल टाकीत शिरतात ती जागा, मधला जोड. मिनिटभर धरा. बाहेरच्या खाचेत अडकलेली हवा दोन-तीन बुडबुडे सोडून गप्प होते, गळती गप्प होत नाही.

झाकणातून येत असेल तर ओ रिंग काढून खोबण कापडाने पुसा. वाळूचा एक कण तिथे पुरतो. रिंग चपटी किंवा फुगलेली असेल तर बदला. निपलपाशी येत असेल तर आतली नट-वायसरची जोडी आवळून बघा, सगळ्या टाक्यांना ती नसते. शेवटी टाकी थोड्या इंधनाने खंगाळून ते इंधन फेकून द्या. पाण्याचा एक घोट राहिला तरी पुढचा सगळा दिवस प्लग विझत राहतील.

नळी तोंडात धरून फुंकू नका, ओढू तर अजिबात नका. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलने, आणि आपल्या टाकीत मुख्यतः तेच असतं. कातडीतूनही जातं. नायट्राइलचे हातमोजे घाला.

प्रश्न : इंधनाच्या नळीत सतत बुडबुडे दिसतात. नळी नवीच आहे, माशांच्या टाकीच्या दुकानातून पारदर्शक आणली. — वाचक, कोल्हापूर

तीच काढा. माशांच्या दुकानातली स्वस्त पारदर्शक नळी पीव्हीसीची असते. मिथेनॉल तिच्यातला मऊपणा शोषून घेतं आणि ती काही दिवसांत काडीसारखी कडक होते. मग निपलवर पकड राहत नाही. नायट्रोला सिलिकॉनची नळी, आतून साधारण २.४ मिलिमीटर. (सिलिकॉन मिथेनॉलला चालतं, पेट्रोलला नाही. पेट्रोल ट्रकवाल्या मित्राला ही नळी उसनी देऊ नका.) नळीची टोकं ब्लेडने सरळ कापा. कात्रीने चेपलेलं तोंड बसतं तिरकं आणि गळतं तिथूनच.

नळी बदलूनही बुडबुडे राहिले तर मधला फिल्टर काढून नळी सलग जोडून बघा, फिल्टरच्या दोन भागांमधली ओ रिंग नेहमीची गुन्हेगार. नळी फ्लायव्हीलला किंवा हेडरला घासते आहे का तेही बघा. घासलेल्या नळीला वाकवल्यावरच दिसणारं भोक असतं. टाकीत अगदी थोडं इंधन असताना वळणावर चार बुडबुडे येणं मात्र साहजिक आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. रात्री ट्रक अर्ध्या टाकीसह गच्चीवरच्या खोलीत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर खाली इंधनाचं थारोळं, आणि स्टार्टरची दोरी ओढली तर ओढलीच जात नाही. इंजिन जाम झालं का? — वाचक, सातारा

बहुतेक नाही, पण दोरी आणखी ओढू नकोस. सिलिंडरमध्ये इंधन भरलंय. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. जोर केलास तर दोरी तुटेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकेल.

गच्चीवरची खोली दुपारी तापते. मिथेनॉल ६५ अंशाला उकळतं, त्यामुळे त्याच्या खूप आधीच त्याची वाफ बंद टाकीत दाब तयार करते. तो दाब इंधनाला नळीतून कार्बमध्ये आणि तिथून इंजिनात ढकलतो. म्हणजे तुझ्या गाडीला गळती असेलच असं नाही.

आधी घरातल्या मोठ्या कुणाला तरी सोबत घे आणि खोलीच्या खिडक्या उघड. इंधनाची नळी चिमटून क्लिप लाव. ग्लो प्लग काढ. प्लगच्या भोकावर जाड फडकं धर, ट्रक उलटा कर आणि दोरी हळूहळू पाच-सहा वेळा ओढ. इंधन पिचकारीसारखं उडतं, म्हणून चष्मा घाल आणि तोंड भोकासमोर आणू नकोस. प्लग वाळवून तपास, तार लाल होते का बघ, मग बसव. फडकं उन्हात मोकळं वाळव, घरात गोळा करून टाकू नकोस.

यापुढे खेळ संपला की टाकी रिकामी करायची, नळी चिमटायची, आणि उरलेलं इंधन इंजिन चालवून संपवायचं. डब्याचं झाकणही घट्ट. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि साताऱ्याच्या पावसात त्याला ते मागावं लागत नाही.

प्रश्न : २१ क्लासचं (०.२१ घन इंचाचं) इंजिन. क्लच बेल (क्लचवरची वाटी) आतून तेलाने माखते, क्लच घसरतो. शिवाय पुल-स्टार्टची दोरी ओढली की हात ओले होतात. दोन्हीकडून गळतंय का? — वाचक, ठाणे

दोन्हीकडून, आणि दोघांची कहाणी वेगळी.

दोरी ओली होते ती बॅकप्लेटमुळे. स्टार्टरची दांडी बॅकप्लेटच्या भोकातून क्रँककेसमध्ये शिरते आणि तिच्या अंगावर एक बारीक ओ रिंग असते. दरवेळी दोरी ओढताना ती घासते. पुल-स्टार्टचं घर काढा. बॅकप्लेटच्या मधल्या भोकाभोवती ओल असेल तर ही ओ रिंग गेली, कडेने ओल असेल तर बॅकप्लेटचं पॅकिंग. कागदी पॅकिंग फाटलं तर मोटरसायकलच्या पार्टच्या दुकानातून पॅकिंगचा कागद आणून कापता येतं, पण जुन्याच्या जाडीचाच घ्या. पातळ घेतलात तर बॅकप्लेट आत सरकते आणि क्रँकपिन तिच्यावर घासते. बसवल्यावर बोटाने क्रँक फिरवून कुठे खरखरत नाही ना, बघा. चार स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडे-थोडे आवळायचे.

पुढच्या बेअरिंगचं तसं नाही. तिथे किंचित ओल सगळ्याच इंजिनांना असते आणि बेअरिंगला तेवढी हवीच. तुमच्याकडे क्लच घसरण्याइतकं तेल येतंय म्हणजे ती मर्यादा ओलांडली. फ्लायव्हील धरून वर-खाली हलवून बघा. खट्-खट् जाणवली तर बेअरिंग गेलं. आणि मुख्य म्हणजे बेअरिंगच्या मागे क्रँकचा दांडा क्रँककेसच्या भोकात किती घट्ट बसतो त्यावर खरं सील अवलंबून असतं. तो दांडाच झिजला असेल तर नवं बेअरिंग आठवडाभर बरं वाटेल आणि पुन्हा तेच.

बेअरिंग बदलायचं तर क्लच, फ्लायव्हील आणि त्याची कोन (शंकूच्या आकाराची कडी) काढून क्रँक बाहेर घ्या. रिकामी क्रँककेस धुऊन, वाळवून, १३० अंशांच्या आसपासच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं तापवा. ओव्हन स्वयंपाकाचा नको. लाकडाच्या ठोकळ्यावर आपटली की जुनं बेअरिंग गळून पडतं. नवं आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेलं असलं तर गरम घरात बोटाने बसतं. ठोकून बसवलेलं बेअरिंग पहिल्याच दिवशी अर्धं मेलेलं असतं. २१ क्लासला पुढचं बेअरिंग बहुधा ७ × १९ × ६ मिलिमीटरचं, म्हणजे बाजारातलं ६०७. तरी आपलं मोजून घ्या. पंख्याच्या दुकानातलं साधं ६०७ मापाने बसेल, पण मिनिटाला तीस हजारांवर फेऱ्यांना त्याची पत्र्याची जाळी टिकत नाही. नायट्रो इंजिनासाठीचंच घ्या. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असेल तर आतल्या बाजूचं टोकदार सुईने काढून टाका, म्हणजे इंधनातलं तेल आत पोचेल.

क्लचचे शूज आणि बेल स्पिरिटने धुवा. तेल पिऊन काळे-चकचकीत झालेले शूज खरकागदावर हलके घासा.

प्रश्न : कार्बला आणि बॅकप्लेटला आरटीव्ही (जोड बुजवायचं सिलिकॉन) लावावं की नाही? दोन जाणकार दोन गोष्टी सांगतात. — वाचक, छत्रपती संभाजीनगर

ओ रिंग आणि पॅकिंग चांगलं असेल तर गरज नाही. लावायचंच तर तापमान सोसणारी लाल किंवा तांब्याच्या रंगाची आरटीव्ही, आंबूस वासाचं बाथरूमचं सिलिकॉन नाही. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, टूथपिकने केसाएवढी रेघ, तीही बाहेरच्या कडेला. आत पिळून आलेला गोळा सुटला तर तो सरळ क्रँककेसमध्ये जातो. चोवीस तास हात लावू नका. ग्लो प्लगला काही म्हणजे काही लावायचं नाही, ना आरटीव्ही ना टेफ्लॉन टेप. तिथे तांब्याचं वायसर बदलायचं. प्लगच्या मुळाशी आणि मधल्या खांबाभोवती तेलाचा एकेक थेंब ठेवून फ्लायव्हील फिरवा. मुळाशी फुगे आले तर वायसर, खांबाभोवती आले तर प्लगच आतून फुटलाय.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. उन्हाळ्यात ट्रक छान चालला. आता थंडीत सुरुवातीची पाच मिनिटं आयडल वर-खाली होतं, तापल्यावर सुधारतं. ही गळती का? — वाचक, एडिसन

अर्धी गळती, अर्धी थंडी. गार हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून उन्हाळ्याची सुई हिवाळ्यात लीन पडते. वरच्या वेगाची सुई अष्टमांश फेरा बाहेर घेऊन बघा. पण तापल्यावर सुधारणं हे कार्बच्या मानेतल्या कडक झालेल्या ओ रिंगचंही लक्षण आहे. गार असताना ती आक्रसते, गरम झाल्यावर फुगून फट बुजवते. तीस रुपयांची, तुमच्याकडे फार तर दोन डॉलरची वस्तू, बदलून टाका. सुरू करण्यापूर्वी डोकं हेअर ड्रायरने कोमट करा. गार इंजिनात पिस्टन स्लीव्हच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) माथ्याशी आवळला जातो आणि जोर रॉडवर येतो. चालताना प्लगच्या मुळाशी इन्फ्रारेड तापमापीत १०५ ते १२५ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. थंड वाऱ्यात तेवढे चढत नसतील तर सुई लीन करून चढवू नका, डोक्याच्या पंख्यांना अर्धवट ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

प्रश्न : सायलेन्सरच्या टोकातून काळपट तेल ठिबकतं, आणि हेडरच्या रबरी जोडाभोवतीही. घरचे म्हणतात गाडी गळते. — वाचक, मडगाव

टोकातून येतं ती गळती नाही. इंधनात आठव्या-दहाव्या हिश्शाएवढं तेल असतं आणि ते फारसं जळत नाही. शंभर मिली इंधन संपवलंत की दहा-बारा मिली तेलातलं बरंचसं त्याच वाटेने बाहेर येणार. ते थांबलं तर काळजी करा.

रबरी जोडाची ओल मात्र खरी गळती. तिथून दाब निसटतो, टाकीला कमी पोचतो आणि वरच्या वेगाला इंजिन लीन होतं. जोड काढून बोटांनी ताणून बघा, चीर बहुधा हेडरच्या बाजूला, आतून असते. नवा जोड बसवताना दोन्ही नळ्यांच्या टोकांत एक-दोन मिलिमीटरच फट ठेवा. जास्त ठेवली तर गरम वायू थेट रबरावर आदळून ते पुन्हा जाळतो. दोन्ही बाजूंना केबल टाय, आणि तिचं टोक कापताना जोडाला ब्लेड लागू देऊ नका.